रिकाम्या घराची कडी

यंदाही आधी मोरीलाच कळलं.

नदी आमच्या गल्लीत रस्त्यानं येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ती मोरीतून येते. सकाळी मी चहा गाळत होते आणि न्हाणीत जाळीवर एक बुडबुडा आला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. वास घाणीचा नव्हता, ओल्या मातीचा आणि लोखंडाचा होता. मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले आणि चहा ओट्यावर सांडला. बाहेर पाऊसही फार नव्हता. आमच्याकडचा पूर असाच असतो. पाऊस कोसळतो तिकडं वर राधानगरी-गगनबावड्याच्या डोंगरात, आणि इथं दोरीवरचे कपडे वाळत असताना पाणी चढत असतं.

पुलाच्या दगडी खुणेला पाणी टेकलं की कोल्हापुरात ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात, आणि ती झाली की अख्खं गाव पाणी बघायला निघतं. आम्ही काठावरची माणसं सामान माळ्यावर चढवत असतो आणि शाहूपुरीची माणसं पोराबाळांसकट, छत्र्या आणि भाजलेली कणसं घेऊन पुलावर उभी असतात. मी चिडते. दरवर्षी चिडते. पण खरं सांगायचं तर लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मीही तेच केलंय. वाहत जाणाऱ्या वस्तू बघायला माणसाला आवडतं, फक्त त्या आपल्या घरातल्या नसल्या पाहिजेत.

मी शाळेत भूगोल शिकवते. आपत्तीत काय करावं आणि काय करू नये, हा धडा इतकी वर्षं शिकवलाय की झोपेत विचारला तरी सांगेन. त्या धड्याचंच वेड म्हणा, पण माझ्या कोठीच्या खोलीत खुंटीला एक निळी पाठपिशवी बारमाही तयार असते. टॉर्च, पॉवर बँक, शिट्टी, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, सासूबाईंची औषधं, रेशनकार्ड, आधार, चिवड्याचं पाकीट. आणि तार आणि पक्कड. आमचे हे दर मे महिन्यात विचारतात, “काय, माहेरी निघालीस का?” गल्लीतल्या बायका तर त्या पिशवीला बाईंचं रुखवतच म्हणतात. हसा म्हटलं, हसा.

पिशवीत एक वहीही असते. दोनशे पानी. गल्लीतलं एकेक घर त्या वहीत आहे. माणसं किती, साखर कुणाला, बीपी कुणाला, आणि पूर आला तर कोण कुणाकडं जाणार. काही वर्षांपूर्वी महापूर आला, त्याच्या आधीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दारोदार फिरून ती लिहिली होती आणि खोटं कशाला बोलू, त्या वहीचा मला तोरा होता. पुढं जे झालं ते त्या तोऱ्यापायीच झालं असं म्हणायची सोय आहे. पण ते तसं नाही.

समोरच्या घरात इंदूआक्का राहतात. मालक गेल्यावर त्यांनी एकटीनं तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. गिरणीच्या घरघरीनं त्यांचे कान गेलेत असं अख्खी गल्ली धरून चालते, म्हणून सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात आणि त्याही ओरडूनच उत्तर देतात. त्यांची एकुलती लेक कबनूरला दिलीय, जावयाचे माग आहेत. वही घेऊन मी त्यांच्या पायरीवर बसले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “कबनूरबिबनूर काय लिवू नगंस, सुनंदा. रातध्याड मागाचा खडखडाट तितं. गिरणीतनं सुटलो आन आता मागात घालू व्हय डोस्कं?”

“मग कुठं जाणार तुम्ही?”

“कुटं न्हाय. वरच्या खोलीत बसतो की.”

“असं चालत नाही आक्का. मी येणार तुम्हाला न्यायला.”

“बघू की,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी त्यांच्या नावापुढं लिहिलं, ‘कबनूर, लेकीकडे.’ रकाना रिकामा ठेवायचा नाही ही शाळेची सवय. हजेरीपटापासून निकालपत्रकापर्यंत कुठंही मोकळी चौकट दिसली की माझा हात शिवशिवतो.

महापुराच्या त्या वर्षीचा श्रावण आठवला की आधी मला मुंग्या आठवतात. पांढरी अंडी तोंडात धरून त्या भिंतीवरून वर निघाल्या होत्या, रांग मोडत नव्हती. मग झुरळं आली, तीही वर. गल्लीतली कुत्री एका सकाळी दिसेनाशी झाली. कुठं गेली, कधी गेली, कुणी पाहिलं नाही. माणसं मात्र जागची हलली नाहीत, कारण मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर मागच्या मोठ्या पुराची तेलरंगातली रेघ आहे आणि तिच्या वर पाणी जात नाही यावर आमचा देवावर असावा तसा विश्वास. कुणी घाबरलंच तर त्याला हाताला धरून ती रेघ दाखवून आणायची. मीही दाखवली आहे चार जणांना. भूगोलाच्या बाईंनी दाखवली म्हटल्यावर ती माणसं घरी जाऊन जेवली आणि झोपली.

रेघ बुडाली त्या दिवशी देवळाकडं कुणी बघेना. त्या बाजूनं जायची वेळ आली तर माणसं मान खाली घालून जायची. मग एकेक घर मोकळं व्हायला लागलं. कुणी ट्रॅक्टरनं गेलं, कुणी गूळ करायच्या काहिलीत बसून गेलं. आम्ही शेवटपर्यंत राहिलो ते सासूबाईंमुळे. त्यांची डावी बाजू लुळी आहे, त्यांना काहिलीत कसं बसवणार? तालमीची रबरी नाव मिळायला तिसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

दुपार म्हणायची ती घड्याळात. उजेड दिवेलागणीचा होता, आणि तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. लाईट गेलेले. फ्रीजची घरघर, पंपाचा आवाज, टीव्ही, गाड्या, सगळं थांबल्यावर गल्ली इतकी गप्प झाली होती की आपण आवंढा गिळला तर शेजारच्याला ऐकू जाईल. पाणी खळाळत नव्हतं. ते नुसतं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि त्यावर एकही लाट नव्हती. आमच्या जिन्याच्या पायऱ्या मी पुन्हापुन्हा मोजत होते. प्रत्येक वेळी एक कमी भरायची.

तालमीतले दोघे गडी आले. सासूबाईंना त्यांनी लहान मुलासारखं उचलून ठेवलं. व्हीलचेअर घडी करून टाकली, हे बसले, मी बसले, माझी पिशवी माझ्या मांडीवर. ती एवढी फुगलेली होती की तिच्या जागेत एक म्हातारी सहज मावली असती. हे तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. पुरात गल्लीतून सगळ्यात शेवटी जो निघतो त्यानं वाटेतल्या सगळ्या दारांच्या कड्या बाहेरून लावायच्या आणि कडीत तार पिळायची. एक तर दार उघडं राहिलं की घरातली भांडीकुंडी, गाद्या, देव्हारा, सगळं वाहून जातं. दुसरं म्हणजे चोर नावेतून फिरतात. आणि तिसरं, तार पिळलेली कडी म्हणजे आत माणूस नाही, ही नावेवाल्यांना खूण. त्या दाराशी ते थांबत नाहीत. शेवटची मी होते. तार आणि पक्कड माझ्याकडे होती. नाव भिंतीला धरून सरकत होती आणि मी बसल्याबसल्या एकेक कडी लावत होते.

आक्कांचं दार लोटलेलं होतं. जोतं उंच, तरी उंबऱ्यावरून पाणी आत गेलेलं. मी हाक मारली. “आक्का! ओ आक्का!” माझा आवाज आत गेला आणि भिंतींना लागून परत आला. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली ती, आता विचार करून सांगते, जरा हळूच मारली.

“हाय का कोन आत, बाई?” पुढचा गडी म्हणाला. “असलं तर सांगा. पन बिगी बिगी. पान्याची वड वाढायलीय, पुडच्या फेरीचं काय खरं न्हाय.”

सासूबाई रडत होत्या. हे त्यांचं डोकं धरून बसले होते. आक्का आत असल्या तर मला छातीभर पाण्यात उतरून वर जावं लागणार, त्यांच्याशी वाद घालावा लागणार, त्या कपाटाच्या किल्ल्या शोधणार, देवांना पिशवीत घालणार. आणि एवढं करून त्या निघाल्याच, तर आमच्यातलं एक कुणीतरी मागं राहणार. ते कोण, हेही मला दिसत होतं. मीच.

आणि मला उदबत्तीचा वास आला. डिझेलच्या, चिखलाच्या, कुजत चाललेल्या धान्याच्या वासातून तो स्वच्छ वेगळा आला. केवड्याचा. आक्का दिवसातून दोनदा लावतात तोच. नुकतीच लावलेली असावी, वास ताजा होता.

“कुणी नाही,” मी म्हणाले. “कबनूरला गेल्या. वहीत आहे.”

मी कडी लावली आणि तार पिळली. हात थरथरला नाही. मला तेच अजून टोचतं. तिढे मोजून चार दिले, सगळ्या दारांना दिले तेवढेच. नाव पुढं सरकली, आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान फिरवली. त्यांनाही वास आला होता का, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

मंगळवार पेठेतल्या एका शाळेत आमची सोय होती. बाकं भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या, फळ्यावर कालचा सुविचार तसाच होता. दारात नावं लिहून घेणाऱ्या माणसानं विचारलं, गल्लीत कोणी राहिलंय का? मी वही उघडून त्याच्यापुढं धरली. तो खूश झाला. म्हणाला, असं प्रत्येक गल्लीनं केलं तर आमचं काम किती सोपं होईल. त्यानं आमच्या गल्लीपुढं बरोबरची खूण केली. माझी पिशवी कोरडी ठणठणीत होती. आजूबाजूच्या बायकांना मी गोळ्या दिल्या, काडेपेटी दिली, एकीच्या लेकराला चिवडा दिला. सगळ्या म्हणत होत्या, बाई, तुमची कमाल आहे. मला तिथं बसवेना.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनला रेंज आली आणि आलेला पहिला फोन कबनूरचा होता. आक्कांची लेक. रेंज येतजात होती, पण तेवढं वाक्य स्पष्ट ऐकू आलं. “बाई, आई तुमच्यासंगं हाय न्हवं? म्हनून मी निवांत हाय.”

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. फोन कट झाला. मग मी उठून तालमीच्या गड्यांना शोधलं आणि म्हणाले, “मला वाटतंय, इंदूआक्का घरातच असतील.” वाटतंय, असा शब्द वापरला. लोक म्हणतात मी स्वतःहून गेले. फोन आला नसता तर मी गेले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

माझ्या गल्लीत मी परत गेले तेव्हा ती माझी गल्ली नव्हती. पाणी दारांच्या वर गेलं होतं. आम्ही माणसांच्या डोक्यावरून जावं तसे दुकानांच्या पाट्यांवरून जात होतो. विजेच्या मीटरवर एक धामण वेटोळं घालून बसली होती, तिनं आमच्याकडं बघितलंही नाही. आणि ठोके पडत होते. बंद घरांतून, आतून, थांबून थांबून. ठक्. मग दुसऱ्या घरातून. ठक्, ठक्. मी गड्याचा दंड धरला. तो म्हणाला, “सिलेंडर हायती, बाई. रिकामं सिलेंडर तरंगत्यात आन दाराला धडाकत्यात.” मला कारण पटलं. तरी त्या प्रत्येक घरात कुणीतरी उभं राहून मी लावलेलं दार वाजवतंय, असंच मला वाटत राहिलं.

आक्का वरच्या खिडकीत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर देवांची पिशवी, केस विंचरलेले. आदल्या दुपारपासून त्या तिथं असतील तर शेजारून गेलेल्या इतर नावा त्यांना दिसल्या असणार. त्यांनी कुणालाच हाक मारली नव्हती. आम्ही खिडकीला लागलो तशी त्या म्हणाल्या, “आलीस व्हय,” आणि हात पुढं केला. हात गार होता. उतरताना त्यांनी एकदा खाली पाण्यात, दार जिथं असायला हवं तिथं, पाहिलं. मग वाटभर देवांची पिशवी छातीशी धरून पाण्याकडं बघत राहिल्या.

शाळेत पोचल्यावर मात्र सुरू झाल्या. “ह्या पोरीनं माझ्यासाटी म्हापुरात नाव घालून आनली.” ज्याला त्याला. पाणी ओसरलं, मी सगळ्यांच्या आधी गल्लीत गेले आणि चिखलातून चाचपून त्यांच्या कडीची तार पकडीनं तोडली, घरी आणून कचऱ्यात टाकली. त्या वर्षी गल्लीतल्या तरुण मंडळानं मला शाल आणि नारळ दिला. आक्का पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. नारळ मी फोडला नाही, देवळात ठेवून आले.

तेव्हापासून दर आषाढात त्या माझ्या ओट्यावर येऊन बसतात. पाहुणं आलं, दूधवाला आला, नवा भाडेकरू आला, की तीच गोष्ट. “म्हापुरात माझ्यासाटी माघारी आलती ही.” मी आतल्या आत मेल्यासारखी होते. तोंडावर हसते. वर्षाला एकदा ताप यावा तसं ते येतं, आणि मी सोसते. मुलांना आपत्तीचा तो धडा शिकवायची वेळ आली की मी आता स्वाध्याय लिहायला देते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते.

परवा मोरीत बुडबुडे आले त्या दुपारी आक्का आल्या होत्या. माझ्यासमोर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी पिशवीतलं सामान काढून सतरंजीवर मांडलं होतं, जुनी औषधं बाजूला करत होते. पक्कड हातात आली आणि मला पुढं करवेना. एवढी वर्षं बंद ठेवलेलं तोंडातून निघून गेलं. ओरडायचं भान राहिलं नाही, हळूच बोलले.

“आक्का, त्या दिवशी तुमच्या दाराची कडी मी लावली होती.”

त्यांनी मान वर केली नाही. त्यांनाही माझ्याएवढंच हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

“ठावं हाय की. जिन्यातच बसलेलो मी. तीन हाका मारल्यास. तिसरी बारीक मारलीस.”

“ऐकू आलं तुम्हाला?”

“कान काय झालंय माज्या कानाला? लोकं वरडत्यात म्हनून मीबी वरडतो.”

मी पक्कड खाली ठेवली. “मग ओ का दिली नाहीत?”

“म्हटलं बघूया. न्यायला येनार म्हनलीवतीस न्हवं? आत येतीया का भायरनंच जातीया, बघूया म्हटलं.” त्यांनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. “तार पिळल्याली आयकली. चार येढं दिलंस.”

मी रडायला लागले. माफी मागितली, सासूबाईंचं सांगितलं, नावेचं सांगितलं, उदबत्तीचंही सांगून टाकलं. त्या शेंगा सोलत राहिल्या. “व्हय की,” म्हणाल्या. “तुजंबी खरंच की. जागा कुटं हुती.” रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“मग सगळ्यांना असं का सांगत सुटलात, आक्का? मी तुमच्यासाठी परत आले म्हणून?”

आता त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मायाही नव्हती. गिरणीत समोर धान्य घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघतात तसं पाहिलं. मला त्यांची भीती वाटली. सरळ सांगते, वाटली.

“गावभर सांगून ठिवलंय ते काय उगंच व्हय?” त्या म्हणाल्या. “आता फुडच्या पुराला मला सोडून कुटं जाशील, सुनंदा?”